‘मामा मिया!’: आधी गाणी, मग गोष्ट

१८ जुलै २००८ला अमेरिकेत दोन मोठे चित्रपट एकाच दिवशी लागले. एक बॅटमनचा ‘द डार्क नाइट’ आणि दुसरा ग्रीक बेटावरच्या लग्नघरात घडणारा ‘मामा मिया!’. पहिल्यापुढे दुसऱ्याचा निभाव लागणं कठीण होतं, पण तो लागला. सुमारे ५.२ कोटी डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात ६० कोटींहून जास्त डॉलर मिळवले. ब्रिटनमध्ये तर वर्ष संपायच्या आत त्याने ‘टायटॅनिक’ची कमाई ओलांडली. समीक्षकांनी यात गाणाऱ्या पिअर्स ब्रॉस्नन या नटाच्या आवाजाची भरपूर खिल्ली उडवली, तरी प्रेक्षक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तिकीट काढत राहिले.

या चित्रपटातलं एकही गाणं त्याच्यासाठी लिहिलेलं नाही. सगळी गाणी ‘ॲबा’ या स्वीडिश चौकडीची, तीसेक वर्षांपूर्वी गाजलेली. अशा कलाकृतीला ज्यूकबॉक्स म्युझिकल म्हणतात. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत नाणं टाकून आवडीची रेकॉर्ड लावणारं यंत्र असायचं, त्याच्यावरून हे नाव आलं.

लोकांच्या ओठांवर असलेल्या संगीतावर नाटक उभं करण्याची रीत मात्र फार जुनी. १७२८मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या जॉन गेच्या ‘द बेगर्स ऑपेरा’त रस्त्यावरच्या माहितीच्या चालींवर नवे शब्द बसवलेले होते. त्यावरून १९२८मध्ये बर्लिनला जर्मन नाटककार ब्रेख्तचं ‘थ्री पेनी ऑपेरा’ झालं (त्याला कुर्ट वाइलने संगीत मात्र नवं दिलं), आणि त्यावरून आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’. १९७८मध्ये थिएटर अकादमीसाठी जब्बार पटेलांनी ते बसवलं. किर्लोस्करांनीही ‘सौभद्र’ची पदं त्या काळच्या प्रचलित चालींवरच रचली. ‘द बेगर्स ऑपेरा’ काय किंवा ‘सौभद्र’ काय, चाल जुनी आणि शब्द नवे. शब्दांसकट गाणी घ्यायची आणि त्यांच्याभोवती गोष्ट विणायची, हे काम त्याहून अवघड. हॉलिवुडने ते १९५२च्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये उत्तम करून दाखवलं. आर्थर फ्रीड आणि नासियो हर्ब ब्राउन यांची जुनी गाणी पटकथालेखकांच्या हाती देण्यात आली होती आणि यातून गोष्ट काढा असं सांगण्यात आलं होतं.

‘ॲबा’ जगापुढे आली ६ एप्रिल १९७४ला, इंग्लंडमधल्या ब्रायटनला ‘वॉटर्लू’ गाऊन युरोव्हिजन ही देशादेशांमधली गाण्यांची स्पर्धा जिंकली तेव्हा. अॅग्नेथा आणि ब्यॉर्न, फ्रीडा आणि बेनी अशा दोन जोड्या. गाणी लिहायची दोघा पुरुषांनी, गायची मुख्यतः दोघी बायकांनी. जानेवारी १९७६मध्ये ‘मामा मिया’ या गाण्याने ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत नऊ आठवडे पहिल्या जागी असलेल्या, ‘क्वीन’ या बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला खाली उतरवलं. पुढच्याच वर्षी ‘हम किसीसे कम नहीं’ आला. त्यातलं आर. डी. बर्मन यांचं ‘मिल गया हम को साथी’ ऐकून पाहा, ‘मामा मिया’ लगेच ओळखू येतं. आपल्याकडच्या अनेकांच्या कानांवर ‘ॲबा’ची चाल आधी किशोरकुमार आणि आशाताईंच्या आवाजातच पडली आहे.

पुढे दोन्ही संसार मोडले. ब्यॉर्न आणि अॅग्नेथा वेगळे झाल्यावर, १९८०मध्ये, ब्यॉर्नने ‘द विनर टेक्स इट ऑल’ लिहिलं. संबंध तुटल्यावर एक बाई समोरच्याला निरोपाचं काय सांगते त्याचं हे गाणं, आणि ते गायलं अॅग्नेथाने. १९८२ संपता संपता ‘ॲबा’ थांबली.

मला या साऱ्या इतिहासाचं मूळ याच गाण्यात दिसतं. बेनी आणि ब्यॉर्न त्यानंतर गीतकार टिम राइसबरोबर ‘चेस’ या संगीतिकेकडे वळले. तिथे राइसबरोबर काम करणाऱ्या ज्युडी क्रेमर या तरुण निर्मातीशी त्यांची ओळख झाली. ‘द विनर टेक्स इट ऑल’ने तिला पकडलं. तीनचार मिनिटांत एवढी उलथापालथ मावत असेल, तर अशी गाणी अख्खं नाटक पेलू शकतील, असं तिच्या मनाने घेतलं. दोघं राजी नव्हते. ‘ॲबा’ त्यांच्या दृष्टीने मागे पडलेली होती. क्रेमरने अनेक वर्षं पिच्छा सोडला नाही. दरम्यान १९९२मध्ये ‘ॲबा गोल्ड’ हा संग्रह निघाला आणि तडाख्याने खपला. १९९४मध्ये ‘म्युरिएल्स वेडिंग’ आणि ‘प्रिसिला’ या दोन ऑस्ट्रेलियन चित्रपटांनी ही गाणी नव्या पिढीच्या कानांवर घातली. अखेर परवानगी मिळाली, पण ब्यॉर्नचा आग्रह होता की गोष्ट गाण्यांपेक्षा वरचढ हवी. ‘ॲबा’चं चरित्र नको, आणि गाण्यांच्या शब्दांना होता होईल तो हात लावायचा नाही.

१९९७मध्ये लेखिका कॅथरिन जॉन्सन आली. ती स्वतः एकटीने मुलं वाढवणारी. तिच्या कामाची किल्ली गाण्यांतच होती. ‘ॲबा’ची सुरुवातीची गाणी अल्लड, नुकत्याच प्रेमात पडलेल्यांची, नंतरची पोक्त, दुखावलेली. एकाच बँडच्या वहीत दोन वयं सापडली, म्हणजे दोन पिढ्या सापडल्या. आई डॉना आणि मुलगी सोफी. १९७४चं ‘हनी, हनी’ सोफीच्या वाट्याला गेलं. आईची जुनी डायरी वाचता वाचता ती आणि तिच्या मैत्रिणी ते गातात. ‘द विनर टेक्स इट ऑल’ डॉनाकडे आलं. आपले वडील कोण हे ठाऊक नसलेली सोफी डायरीतल्या तिघांनाही आपल्या लग्नाला बोलावते, एवढीच गोष्ट. बाप शोधायची कल्पना १९६८च्या ‘बुओना सेरा, मिसेस कॅम्पबेल’ची आठवण करून देते. पण तिला गाण्यांशी असं जुळवणं हे जॉन्सनचं स्वतःचं कर्तृत्व आहे, आणि त्याचं व्हावं तेवढं कौतुक झालेलं नाही.

दिग्दर्शिका फिलिडा लॉइड. म्हणजे कल्पना, लेखन आणि दिग्दर्शन तीन बायकांचं. नाटक उघडलं ६ एप्रिल १९९९ला, लंडनच्या प्रिन्स एडवर्ड थिएटरात. ब्रायटनच्या विजयाला त्या दिवशी बरोबर २५ वर्षं झाली होती. ‘चेस’ही इथेच झालं होतं. ब्रॉडवेवर ते रीतसर उघडलं १८ ऑक्टोबर २००१ला. जुळे मनोरे कोसळून जेमतेम पाच आठवडे उलटलेलं ते न्यूयॉर्क. त्या दिवसांत अभिनेत्री मेरिल स्ट्रीप आपल्या मुलीला घेऊन प्रयोगाला गेली आणि नंतर तिने कलाकारांना आभाराचं पत्र पाठवलं. चित्रपट ठरला तेव्हा डॉना कोणी करायची याचं उत्तर त्या पत्रातच होतं, असं म्हणायला हरकत नाही.

लॉइडने याआधी मोठ्या पडद्यासाठी एकही चित्रपट केला नव्हता. क्रेमरने तरीही हीच तिघींची जोडणी कायम ठेवली, आणि मला तो या प्रवासातला सगळ्यांत धाडसी निर्णय वाटतो. चित्रीकरण स्कोपेलोस, स्कियाथोस आणि पेलिऑन किनाऱ्यावरच्या दामुहारीत झालं, उरलेलं लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत. संगीतावर स्वतः बेनीची देखरेख होती आणि ‘ॲबा’चे काही मूळ वादक पुन्हा वाजवायला बसले. ‘डान्सिंग क्वीन’ हे खरं तर १७ वर्षांच्या मुलीचं गाणं. इथे ते पन्नाशीच्या आसपासची डॉना आणि तिच्या दोन मैत्रिणी गातात. बेटावरच्या बायका हातातली कामं टाकून, डोक्यावरचा भारा फेकून त्यांच्यामागे धक्क्यापर्यंत धावतात. मोठ्या चित्रपटात या वयाच्या बाईला उड्या मारायला इतकी मोकळी जागा क्वचितच मिळाली असेल.

आणि तरीही या चित्रपटाचा आनंद हलका नाही. १९८१चं ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’ ब्यॉर्नने आपली लहान मुलगी शाळेला निघालेली पाहून लिहिलं होतं. चित्रपटात आई लग्नाच्या सकाळी मुलीला सजवते तिथे ते येतं, आणि शब्द जवळजवळ तेच असूनही शाळेचं दप्तर आणि लग्नाचा पोशाख एकाच वाक्यात बसतात. इतर ज्यूकबॉक्स नाटकांत पुष्कळदा गाणं लावायचं म्हणून प्रसंग ओढून आणलेला दिसतो. लंडनला २००२मध्ये आलेलं, ‘क्वीन’च्या गाण्यांचं ‘वी विल रॉक यू’ तुफान चाललं, पण त्याची कथा कितीजणांना आठवते?

२०१८मध्ये पुढचा भाग आला तोवर मोठी गाणी बरीचशी वापरून झाली होती. काही पुन्हा घेतली गेली, आणि जोडीला ‘अँडान्टे, अँडान्टे’सारखी मागे राहिलेली वर काढली गेली. डॉना आता हयात नाही. सोफीच्या बाळाच्या नामकरणाला चर्चमध्ये ती दिसते आणि मायलेकी १९७६चं ‘माय लव्ह, माय लाइफ’ गातात. मूळ गाणं दूर जाणाऱ्या प्रियकराला उद्देशून. इथे ते आईने मुलीला म्हणायचं होतं, आणि त्यासाठी शब्दांना हात लावायचा नाही हा स्वतःचा नियम ब्यॉर्नने बाजूला ठेवला. नव्या ओळी त्याने स्वतः लिहून दिल्या.