उजनी जलाशयावरील पक्षीनिरीक्षण

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात भीमेवर बांधलेल्या उजनी धरणाचा फुगवटा वर करमाळा आणि इंदापूर तालुक्यांत पसरतो. हिवाळी पाहुणे पक्षी मुख्यतः या उथळ भागात उतरतात. ओळखीची ठिकाणे म्हणजे भिगवणजवळची कुंभारगाव आणि डिकसळ ही गावे. सोलापूरहून पुणे महामार्गाने सुमारे १५० कि.मी.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च मानतात. तरी कॅलेंडरआधी धरणाची टक्केवारी पाहावी. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेले तळचे पाणी. वर्तमानपत्रातली टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, त्यामुळे ‘शून्य टक्के’ म्हणजे कोरडे धरण नव्हे. धरण काठोकाठ असताना पाणी बाभळींत शिरते आणि रोहित (फ्लेमिंगो) फारसे दिसत नाहीत. हा पक्षी डोके उलटे करून चोचीने चिखलपाणी गाळतो. त्याला पाय टेकतील इतकेच पाणी लागते. कालव्याची आवर्तने आणि नदीत सोडलेले पाणी यांनी पातळी उतरली की गाळ उघडा पडतो आणि थवे येतात. मात्र त्याच गाळावर गाळपेराची पिके उभी राहतात, म्हणून गेल्या वर्षीची जागा यंदा रिकामी मिळू शकते. स्थानिक होडीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून विचारणे सर्वात भरवशाचे.

होडी उजाडताच घ्यावी. सूर्य पाठीशी राहील असा मार्ग धरावा, थवा दिसताच इंजिन बंद करून बांबूने सरकावे. पक्ष्यांनी चरणे थांबवून माना उंचावल्या की तिथेच थांबावे; आणखी पुढे गेल्यास अख्खा थवा उडतो आणि मागून येणाऱ्यांनाही काही उरत नाही. कुरवांना (सीगल) शेव-फरसाण टाकून फोटो काढण्याची रीत वाईटच. पट्टकदंब (बार-हेडेड गूज) पाण्यापेक्षा काठच्या हरभऱ्यात सापडण्याची शक्यता अधिक. चक्रवाक, चित्रबलाक, शेकाटे काठावरूनही दिसतात. ८×४२ दुर्बीण पुरते. गाळात मात्र पायी उतरू नये: वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो, खाली पाय गुडघाभर रुततो.

लाइफ जॅकेटशिवाय होडीत बसू नये. मे २०२४ मध्ये कुगाव–कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. वारा वाढू लागला की फेरी आवरती घ्यावी.

इतका पल्ला नको असेल तर सोलापूरलगतचा ब्रिटिशकालीन हिप्परगा (एकरुख) तलाव आहे. तिथे वारकरी (कूट पक्षी) आणि बदके काठावरून पाहता येतात.