दोन मिखाईल वोरोन्त्सोव आणि गाळलेलं मधलं नाव

मिखाईल वोरोन्त्सोव यांनी १७४१ मध्ये एलिझाबेथला रशियाची गादी मिळवून दिली, पुढे ते चान्सलर, म्हणजे परराष्ट्र खात्याचे प्रमुख झाले, बोरोदिनोच्या रणांगणावर जखमी झाले आणि उतारवयात ओदेसाचा कायापालट केला. या अर्थाचा मजकूर मी इतक्यांदा वाचलाय की आता चिडायचाही कंटाळा येतो. १७४१ च्या बंडातला वोरोन्त्सोव जन्मला १७१४ मध्ये. बोरोदिनोची लढाई १८१२ ची. म्हणजे हे गृहस्थ अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ग्रेनेडियर घेऊन नेपोलियनच्या तोफांपुढे उभे! लिहिणाऱ्याने बोटांवर एक वजाबाकी केली असती तरी भागलं असतं.

माणसं दोन आहेत. एक मिखाईल इलारिओनोविच वोरोन्त्सोव (१७१४–१७६७) आणि दुसरा मिखाईल सेम्योनोविच वोरोन्त्सोव (१७८२–१८५६). पहिला गेल्यावर पंधरा वर्षांनी दुसरा जन्मला. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नाही.

हा घोळ मराठीत व्हावा याचं मला विशेष वाईट वाटतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही रशियन नावाची घडण थेट आपल्यासारखी आहे. शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत मधलं नाव लावल्याशिवाय आपलं पान हलत नाही. पण रशियन माणसाबद्दल लिहायची वेळ आली की इंग्रजी पुस्तकाने ते गाळलेलं असतं, म्हणून आपणही गाळतो. इलारिओनोविच म्हणजे इलारिओनचा मुलगा, सेम्योनोविच म्हणजे सेम्योनचा. इतकंच. (आणि नुसतं ‘मिखाईल इलारिओनोविच’ म्हटलं, तर रशियन माणसाला आठवतो तो फील्डमार्शल कुतुझोव. बोरोदिनोला सरसेनापती तोच होता. म्हणजे त्या दिवशी रणांगणावर एक मिखाईल इलारिओनोविच होता खरा, पण आडनाव वेगळं.)

धाकटा मिखाईल, म्हणजे सेम्योनोविच, बहुतेक वाचकांना ठाऊक असतो, त्यामुळे त्याच्यावर फार शाई खर्च करत नाही. लंडनमध्ये वाढलेला, अस्खलित इंग्रजी बोलणारा, १८२३ पासून नोवोरोसियाचा, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्याचा गव्हर्नर-जनरल. पुश्किन त्याच्याच कचेरीत नेमलेला होता. त्या कवीला त्याने १८२४ मध्ये टोळधाडीची पाहणी करायला पिटाळलं आणि पुश्किनने त्याला अर्धा लॉर्ड, अर्धा व्यापारी म्हणून कायमचं टोचून ठेवलं. पुश्किनचा जीव वोरोन्त्सोवच्या बायकोवर जडला होता, हेही सगळ्यांना माहीत असतं. टोळधाडीपेक्षा जरा जास्तच.

मला मात्र त्याची आठवण राहते ती बोरोदिनोनंतरच्या एका गोष्टीसाठी. मांडीत जखम झालेली, हाताखालची डिव्हिजन जवळजवळ सगळी कापली गेलेली. मॉस्कोच्या घरातला किमती ऐवज हलवायला गावाकडून गाड्या आल्या होत्या. त्याने सामान उतरवायला लावलं आणि त्या गाड्यांत जखमी भरले. सुमारे ५० अधिकारी आणि ३०० वर सैनिक व्लादिमीर प्रांतातल्या आंद्रेयेव्स्कोये या त्याच्या वाड्यावर नेऊन तिथे त्यांची शुश्रूषा केली. मॉस्कोच्या घरातलं बाकीचं सगळं तिथेच राहिलं. पुढे १८१८ मध्ये फ्रान्समधून रशियन फौज परतली, तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांनी तिथे करून ठेवलेली कर्जंही यानेच स्वतःच्या खिशातून फेडली.

आता नात्याकडे येऊ, कारण खरी गाडी इथे घसरते. इंग्रजीतले ‘अंकल’, ‘नेफ्यू’, ‘कझिन’ हे शब्द म्हणजे एकाच पोत्यात भरलेली सगळी भाजी. मराठीत भाषांतर करणारा ‘नेफ्यू’ दिसला की डोळे मिटून ‘भाचा’ लिहितो. रशियाचा दुसरा वोरोन्त्सोव चान्सलर, अलेक्सान्द्र रोमानोविच, हा असाच कुठे कुठे थोरल्या मिखाईलचा भाचा होऊन बसला आहे. अहो, आडनाव एकच आहे ना? मग पुतण्या.

घराणं सरळ आहे. इलारिओनची तीन मुलं: रोमान, मिखाईल, इवान. रोमानची मुलं अलेक्सान्द्र आणि सेम्योन, मुली एलिझावेता आणि एकातेरिना (हीच पुढे प्रिन्सेस दाश्कोवा). सेम्योनचा मुलगा आपला धाकटा मिखाईल. म्हणजे थोरला मिखाईल हा धाकट्याच्या आजोबांचा सख्खा भाऊ, अर्थात चुलत आजोबा. धाकटा त्याचा सख्खा नातू नव्हे, वंशज तर मुळीच नव्हे. थोरल्याला एकच मुलगी होती, आन्ना. ती स्त्रोगानोव घराण्यात दिली आणि तिथे तिचं पटलं नाही. त्याच्या शाखेत वोरोन्त्सोव आडनाव पुढे चाललंच नाही. काउंटची पदवीसुद्धा धाकट्याला चान्सलरकडून आलेली नाही. चान्सलरला ती १७४४ मध्ये मिळाली, रोमान आणि इवान या भावांना १७६० मध्ये वेगळी. धाकटा तीच दुसरी पदवी घेऊन जन्माला आला.

लग्नांचं नातंही आपल्या भाषेत लख्ख उमटतं. थोरल्याची बायको आन्ना स्काव्रोन्स्काया ही सम्राज्ञी एलिझाबेथची मामेबहीण. आईच्या, म्हणजे पहिल्या कॅथरीनच्या, भावाची मुलगी. धाकट्याची बायको एलिझावेता ब्रानिस्का, आणि दुसऱ्या कॅथरीनच्या खास मर्जीतला पोत्योम्किन हा त्याच्या सासूचा मामा. पहिलं लग्न थेट राजघराण्यात नेणारं. दुसऱ्यात मोठं नाव आणि अफाट जमीन होती, पण तोवर पोत्योम्किनला जाऊन पाव शतकावर काळ लोटला होता.

एवढं सगळं सांगितल्यावरही एक गोष्ट अडते, आणि ती अडणं मी समजू शकतो. पीटर द ग्रेटने १७२२ मध्ये नोकरशाहीचा चौदा पायऱ्यांचा जो दर्जा-तक्ता लागू केला, त्यात दोघेही अगदी पहिल्या पायरीवर जाऊन पोचले. मुलकी बाजूला पहिली पायरी चान्सलरची, लष्करी बाजूला फील्डमार्शलची. थोरला १७५८ मध्ये चान्सलर झाला, धाकटा मरणाच्या वर्षी, १८५६ मध्ये, फील्डमार्शल. कुठल्याही सूचीत दोघांसमोर ‘पहिला वर्ग’ छापलेलं असतं, आणि वाचणारा धरून चालतो की दोघांचं वजन सारखंच. तसं नाही. पायरी एकच, पण तिच्याखाली उभा असलेला खांब पार वेगळा.

थोरल्याचं सगळं बळ एका बाईच्या मर्जीवर होतं. नोव्हेंबर १७४१ च्या त्या रात्री एलिझाबेथ स्लेजमधून प्रेओब्राझेन्स्की रेजिमेंटच्या बराकीकडे निघाली, तेव्हा तिच्यासोबत जे मोजके लोक होते त्यांत हा तिच्या पदरचा तरुण दरबारी होता. मग लग्न, मग १७४४ मध्ये उपचान्सलरपद. चौदा वर्षं तो वरच्या बेस्तुझेव-र्‍यूमिनशी कुरघोडी करत राहिला, आणि १७५८ मध्ये बेस्तुझेव अटकेत गेल्यावर त्याच्या जागी बसला. परराष्ट्र खात्याचा सर्वोच्च अधिकारी, कागदोपत्री. पण खात्याचं धोरण दरबारात, सम्राज्ञीच्या मर्जीतल्या शुवालोव मंडळींच्या बैठकांत ठरे. स्वतःचा प्रांत नाही, स्वतःची फौज नाही. सम्राज्ञीचं मन राखायचं आणि तिच्या तोलामोलाचा थाट मिरवायचा, तो कर्ज काढून.

त्यामुळे सम्राज्ञी गेली तशी जमीनच सरकली. १७६२ चा प्रसंग पाहा. नवा सम्राट तिसरा पीटर चान्सलरच्या पुतणीच्या, एलिझावेताच्या, प्रेमात. दुसरी पुतणी दाश्कोवा, वय एकोणीस, पीटरच्या बायकोच्या म्हणजे पुढच्या दुसऱ्या कॅथरीनच्या कटात. २८ जूनला, तेव्हाच्या रशियन पंचांगाप्रमाणे, कॅथरीनने पीटर्सबर्ग ताब्यात घेतलं. तिला समजवायला पीटरने पाठवलेल्या तिघांत चान्सलर होता. बाकीचे दोघे, त्रुबेत्स्कोय आणि अलेक्सान्द्र शुवालोव, पोचल्या पोचल्या कॅथरीनची शपथ घेऊन मोकळे झाले. वोरोन्त्सोवने नकार दिला: ज्याची शपथ घेतली तो सम्राट हयात आहे. मला घरीच पहाऱ्यात ठेवा, म्हणाला. तो मवाळ, डळमळीत माणूस म्हणून प्रसिद्ध आहे आणि बऱ्याच अंशी होताही. पण त्या एका दिवसाचे गुण मी त्याला पुरेपूर देतो. आठवडाभरात पीटर मेला, मग त्याने शपथ घेतली. कॅथरीनने त्याला पदावर ठेवलं, पण १७६३ पासून खातं निकिता पानिनच्या हाती गेलं. चान्सलर नावापुरता उरला.

धाकट्याचं नेमकं उलटं. दरबारापासून तो जितका लांब, तितकी त्याची ताकद मोठी. आधी ओदेसा, मग डिसेंबर १८४४ मध्ये पहिल्या निकोलासने त्याला कॉकेशसचा ‘नामेस्त्निक’ नेमलं आणि नोवोरोसियाही त्याच्याकडेच ठेवलं. या शब्दाचं ‘राज्यपाल’ असं भाषांतर दिसलं की मी पुढे वाचत नाही. नामेस्त्निक म्हणजे झारच्या जागी बसलेला मुखत्यार. मंत्र्यांचे हुकूम त्याच्यावर चालत नाहीत, तो थेट झारला जाब देतो. मुलकी आणि लष्करी दोन्ही कारभार त्याच्याकडे. तिफ्लिसला (आजचं तिबिलिसी) बसून त्याने १८५० मध्ये जॉर्जियन भाषेतल्या नाटकांना पाठबळ दिलं आणि त्याच वेळी डोंगरात तिथल्या बंडखोर टोळ्यांचा इमाम शामिल याच्याविरुद्धचं युद्धही चालवलं. १८४५ मधली शामिलच्या दार्गो या ठाण्यावरची मोहीम सपशेल फसली, प्रचंड माणसं पडली, आणि त्याच वर्षी त्याला प्रिन्स ही पदवी मिळाली. थोरल्याच्या वाट्याला असं अपयश आलं असतं तर दुसऱ्या दिवशी दरबारात कुजबूज सुरू झाली असती. धाकट्याला हलवायचं तर एवढ्या मुलखाचा आणि फौजेचा कारभार पेलणारा दुसरा माणूस शोधावा लागला असता.

वाड्यांवरूनही हे दिसतं. चान्सलरचा वोरोन्त्सोव पॅलेस पीटर्सबर्गमध्ये सादोवाया रस्त्यावर, रास्त्रेल्लीने बांधलेला. कर्जापायी तो १७६३ मध्ये सरकारी खजिन्याकडे गेला, आणि आज तिथे सुवोरोव सैनिकी विद्यालय आहे. धाकट्याचा वोरोन्त्सोव पॅलेस क्रिमियात अलुप्काला, १८२८ ते १८४८ या काळात बांधलेला. आराखडा एडवर्ड ब्लोर या इंग्रज वास्तुकाराचा, जो तिथे कधी गेलाच नाही. यालटा परिषदेच्या वेळी चर्चिल उतरला तो याच वाड्यात. एका व्याख्यानात मी चान्सलरच्या चरित्रामागे पडद्यावर अलुप्का पाहिलाय, मागे डोंगर आणि समुद्रासकट. पीटर्सबर्गात डोंगर!

बाकीचे घोळ किरकोळ. कॉकेशसचा आणखी एक वोरोन्त्सोव नामेस्त्निक आहे, इलारिओन इवानोविच वोरोन्त्सोव-दाश्कोव, १९०५ ते १९१५. तो तिसऱ्या भावाच्या, इवानच्या, शाखेतला. जोडआडनाव दिसलं की प्रश्न मिटला. चान्सलर अलेक्सान्द्र रोमानोविचचा काळ १८०२ ते १८०४, तोही सनावरून कळतो. रशियन शास्त्रज्ञ-कवी लोमोनोसोवच्या समाधीवरचा संगमरवरी स्तंभ थोरल्या मिखाईलने उभारला. तो धाकट्याच्या नावावर टाकणाऱ्यांना काय म्हणावं, लोमोनोसोव १७६५ मध्ये वारला.

भाचा हा शब्द एका ठिकाणी मात्र अगदी चपखल बसतो. धाकट्या मिखाईलची बहीण एकातेरिना लंडनला पेम्ब्रोकच्या अर्लला दिली होती. तिचा मुलगा सिडनी हर्बर्ट. क्रिमियन युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेलला इस्तंबूलजवळच्या स्कुतारीला धाडणारा ब्रिटिश मंत्री तो हाच. १८५४ मध्ये बालाक्लावाला ब्रिटिश फौज ज्या रस्त्यासाठी लढली, त्याला तिच्या नकाशांत वोरोन्झोव रोड म्हटलंय. म्हणजे मामाच्या नावाच्या रस्त्यावर भाच्याच्या सरकारचं सैन्य. तो ‘झ’ इंग्रजी स्पेलिंगचा प्रताप, मराठीत कृपया वोरोन्त्सोवच लिहा.

लंडनमध्ये सेंट जॉन्स वूडलाही वोरोन्झो रोड आहे, आणि तोसुद्धा कुणीतरी या ना त्या मिखाईलच्या खात्यावर टाकतंच. तो दोघांपैकी कुणाचाच नाही. वीसेक वर्षं लंडनला राजदूत असलेला, १८३२ मध्ये तिथेच वारलेला आणि मॅरिलिबोनच्या गरिबांसाठी पैसे ठेवून गेलेला सेम्योन रोमानोविच, त्याचा तो रस्ता. धाकट्या मिखाईलच्या मधल्या नावातला सेम्योन.