स्थानिक मंडळीतील शिष्यत्व-मार्गदर्शन

स्थानिक मंडळीतील शिष्यत्व-मार्गदर्शन : विश्वासात मुरलेल्या व्यक्तीने आपल्याच मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) एखाद्या नवख्या किंवा वयाने लहान विश्वासणाऱ्याला काही काळ जवळून सोबत करून ख्रिस्ताच्या मागे चालायला शिकवण्याची प्रथा. दोघे नेमाने भेटतात, पवित्र शास्त्र वाचतात, एकमेकांसाठी प्रार्थना करतात आणि वाचलेले वचन घरात, कामावर, पैशांच्या व्यवहारात, रागाच्या भरात कसे टिकते हे मोकळेपणाने बोलतात. रविवारचे प्रवचन सगळ्यांसाठी एकच असते. ते ऐकून घरी गेलेल्या माणसाचे सोमवारी काय झाले, हे विचारणारे कोणीतरी असावे ही या प्रथेमागची साधी गरज आहे.

हे काम पाळकाच्या कामाला पूरक आहे. त्याची जागा ते घेत नाही. पाळक किंवा वडीलजन (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) सगळ्या कळपाची काळजी वाहतात. मार्गदर्शक एका किंवा फार तर दोघा-तिघांची. बाप्तिस्म्यापूर्वीच्या वर्गात ख्रिस्ती शिकवणीची रूपरेषा समजते आणि वर्ग संपला की बाकेही रिकामी होतात. हे नाते त्यानंतर खरे कामाला लागते. मानसिक आजारावरचा उपचार किंवा वैवाहिक समुपदेशन यांच्याशी त्याची गल्लत करू नये. तिथे प्रशिक्षित माणूसच लागतो.

शब्द : नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) शिष्यासाठी ‘माथेतेस’ हा ग्रीक शब्द येतो. त्याचा अर्थ शिकणारा. मार्गदर्शकासाठी हल्ली सर्रास वापरला जाणारा ‘मेंटॉर’ हा शब्द मात्र बायबलमधला नाही. होमरच्या महाकाव्यात ओडिसियस युद्धाला जाताना आपले घर ज्या मित्राच्या हवाली करतो, त्याचे हे नाव. मराठीत ‘शिष्य’ म्हटले की पाठोपाठ ‘गुरू’ येतोच, आणि इथे जरा थांबावे लागते. येशूने आपल्या अनुयायांना गुरू म्हणवून घेण्यास मनाई केली. तुमचा गुरू एकच आहे आणि तुम्ही सगळे भाऊभाऊ आहात, असे कारणही दिले (मत्तय 23:8). म्हणून मंडळीत कोणी कोणाचा शिष्य होत नाही. दोघेही एकाच गुरूचे शिष्य, त्यांतला एक चार पावले पुढे आलेला, एवढाच फरक. हे एकदा मनात पक्के बसले की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

शास्त्राधार : मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशूने दिलेल्या आज्ञेत (28:19-20) मूळ ग्रीक वाक्याचे मुख्य क्रियापद ‘शिष्य करा’ हे आहे, जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही त्याला जोडून आलेली धातुसाधिते आहेत. तिथे येशू ‘शिकवा’ एवढ्यावर थांबत नाही, ‘पाळायला शिकवा’ म्हणतो. माहिती फळ्यावर लिहून देता येते. पाळणे शिकायचे तर पाळणारा माणूस जवळून दिसावा लागतो. तो चुकतो कसा आणि चुकल्यावर क्षमा कशी मागतो, हेही दिसावे लागते. शुभवर्तमान लिहिणारा मार्क बारा प्रेषितांच्या नेमणुकीची कारणे सांगतो तेव्हा उपदेशाला पाठवण्याच्या आधी एक कारण देतो : त्यांनी त्याच्याबरोबर असावे (3:14). वाटेवरचे चालणे, होडीतले वादळ, पंक्तीतले वाद, सगळे त्या ‘बरोबर’मध्ये आले. या प्रथेचे सारे मर्म त्या एका शब्दात आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

जुन्या करारात मोशे आणि यहोशवा, एलीया आणि अलीशा, नामी आणि रूथ या जोड्या नेहमी सांगितल्या जातात. त्या मानाने याजक एली आणि त्याच्या हाताखालचा बाल शमुवेल मागे पडतात, वास्तविक मार्गदर्शकाने काय करावे हे त्या प्रसंगात सर्वांत स्वच्छ दिसते (1 शमुवेल 3). रात्री हाक ऐकून मुलगा तीनदा धावत येतो : तुम्ही मला बोलावले ना? दोनदा एली त्याला नुसता परत पाठवतो. तिसऱ्यांदा त्याच्या ध्यानात येते की हाक परमेश्वराची आहे. तो मुलाच्या वतीने उत्तर द्यायला जात नाही, त्याच्याबरोबर मंदिरात येऊन बसतही नाही. जाऊन नीज, पुन्हा हाक आली तर ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ असे म्हण, एवढे सांगतो आणि स्वतः जागच्या जागी राहतो. या एलीची दृष्टी मंदावली होती आणि स्वतःच्या मुलांना आवरण्यात तो सपशेल हरला होता. तरी त्या रात्री त्याने मुलाला योग्य दिशेला वळवले. आपण या कामाला लायक नाही म्हणून मागे सरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

प्रेषित पौल आणि त्याचा तरुण सहकारी तीमथ्य यांचे नाते नव्या करारात सर्वांत तपशिलाने येते. तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ पौल स्वतःकडे घेत नाही. आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी तो आधी होता, असे तो लिहितो (2 तीमथ्य 1:5). त्याच पत्रात (2:2) चार पिढ्यांची साखळी येते : पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि ती ज्यांना शिकवतील ते. तीताच्या पत्रात (2:3-5) वयस्क स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे असे सांगितले आहे. अपुल्लोस तर भर सभास्थानात बोलणारा विद्वान होता, पण त्याला फक्त बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा, येशूच्या आधीचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने त्याला चारचौघांत अडवले नाही. त्यांनी त्याला आपल्याकडे बोलावून घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला (प्रेषितांची कृत्ये 18:26).

इतिहास : मंडळीच्या सुरुवातीच्या शतकांत बाप्तिस्मा इच्छिणाऱ्याला दीर्घ तयारीतून जावे लागे आणि त्याच्या वागणुकीची हमी देणारा कोणी विश्वासणारा बरोबर असावा लागे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या साधूंकडे लोक एखादे वचन मागायला येत; त्या वडीलधाऱ्यांना ‘अब्बा’ आणि ‘अम्मा’ म्हणत. पुढे मठांमध्ये या मार्गदर्शनाला नियमांची चौकट आली.

सर्वसामान्य सभासदांच्या हाती हे काम देण्यात अठराव्या शतकातल्या मेथडिस्ट चळवळीचा वाटा फार मोठा. तिच्या ‘क्लास’ गटांची सुरुवात कर्जातून झाली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथल्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी 1742 मध्ये असे ठरले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि साधारण बारा जणांमागे एकाने घरोघर जाऊन ती गोळा करावी. वर्गणी गोळा करणारे दारात उभे राहिले तेव्हा त्यांना घरातली परिस्थिती दिसू लागली : कोण दारूकडे वळले आहे, कुठे भांडणे आहेत. चळवळीचा प्रमुख जॉन वेस्ली याने ते ऐकले आणि इतके दिवस आपल्याला हेच हवे होते हे ओळखले. ‘क्लास’ नावाच्या त्या गटांचे प्रमुख तेव्हापासून दर आठवड्याला प्रत्येकाच्या आत्म्याची विचारपूस करू लागले. त्याआधी 1738 मध्येच त्याने ‘बँड’ या लहान गटांसाठी नियम लिहिले होते. त्यांत स्त्रिया आणि पुरुष वेगळे बसत आणि एकमेकांपाशी पापांची कबुली देत. विसाव्या शतकात खलाशी, विद्यार्थी आणि सैनिक यांच्यात काम करणाऱ्या संस्थांनी एकास-एक शिष्यत्वाची पद्धत जगभर नेली. तिथून ती पुन्हा मंडळ्यांत आली, पण येताना पुस्तिका, टप्पे आणि प्रमाणपत्रेही घेऊन आली. त्यांचा उपयोग आहे. पुस्तिका पूर्ण झाली म्हणजे शिष्य तयार झाला, हा समज मात्र घातक आहे.

जोडी कशी जुळते : पाळकाने यादी घेऊन नावासमोर नाव लिहिले की नाते जुळत नाही, आणि सगळे आपोआपवर सोडले तर बुजरी माणसे कायमची एकटी राहतात. मधला मार्ग असा की वडीलजनांनी आधी तीन-चार भरवशाची माणसे पारखावीत, त्यांना तयार करावे आणि ओळख वाढेल अशी कामे दोघांना मिळून द्यावीत : आजाऱ्यांना भेटणे, उपासनेची मांडामांड, मुलांचा वर्ग. महिना-दोन महिन्यांत कोणाचे कोणाशी जमते ते दिसते. पुरुषाने पुरुषाला आणि स्त्रीने स्त्रीला मार्गदर्शन करावे हा संकेत बहुतेक मंडळ्या पाळतात, आणि तो पाळावाच.

मार्गदर्शक निवडताना वक्तृत्व पाहू नये. त्याला ऐकता येते का, त्याच्या घरची माणसे त्याच्याविषयी काय म्हणतात, आणि ऐकलेले तो पोटात ठेवतो का, एवढे पाहावे. पहिल्याच भेटीत काही गोष्टी बोलून घ्याव्यात : किती दिवसांनी भेटायचे, कुठे, किती वेळ, आणि हे केव्हा थांबवायचे. सहा महिने किंवा एक वर्ष अशी मुदत घातली तर दोघांनाही मोकळे होण्याचा सन्मानाने मार्ग राहतो.

भेटीचे स्वरूप : मार्कच्या शुभवर्तमानात 16 अध्याय आहेत, आठवड्याला एक घेतला तर चार महिने पुरतो. नवख्या माणसासोबत सुरुवातीला याहून चांगले काही नाही. अध्याय मोठ्याने वाचावा, आळीपाळीने. मग काय दिसले, काय खटकले, या आठवड्यात यातले काय पाळायचे, असे तीन प्रश्न पुरे होतात.

समजा, दुसऱ्या अध्यायापाशी एक तरुण अडतो. चार जणांनी छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडले, आणि येशू त्याला आधी म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तरुण म्हणतो, “पण तो तर चालता यावं म्हणून आला होता.” मार्गदर्शकाला उत्तर ठाऊक असते, ओठांवरही आलेले असते. अनुभवी मार्गदर्शक इथे गप्प राहतो. मिनिटभराने तरुण बोट पानावरच ठेवून, मान वर न करता, हळूच म्हणतो, “भावाशी मी दोन वर्षं बोललेलो नाही.” ती शांतता भरून काढली असती, तर हे वाक्य आलेच नसते. पुढची कित्येक आठवड्यांची दिशा या वाक्याने ठरते. मार्गदर्शकाने लगेच फोन कर म्हणून फर्मान सोडू नये. आधी त्याच्याबरोबर प्रार्थना करावी, आणि पुढच्या भेटीत आठवणीने विचारावे. विसरला तर तरुण पुन्हा तो विषय काढण्याची शक्यता फार कमी.

या नात्याची निम्मी ताकद भेटीबाहेर असते. परीक्षेच्या सकाळी आलेला दोन ओळींचा संदेश, घरी दुःख झाल्यावर न बोलता शेजारी बसणे, मार्गदर्शक स्वतःच्या बायकोशी किंवा नवऱ्याशी चारचौघांत कसे बोलतो ही रोज दिसणारी वागणूक : शिकणाऱ्याच्या मनात पुस्तिकेपेक्षा हे जास्त काळ राहते.

मर्यादा आणि धोके : सर्वांत मोठा धोका सत्तेचा. 1970 च्या दशकात अमेरिकेत ‘शेपर्डिंग’ नावाची चळवळ पसरली. तिच्यात प्रत्येक सभासदाला एका ‘मेंढपाळा’च्या अधीन राहावे लागे, आणि लग्न, नोकरी, घर यांसारखे निर्णयही त्याच्या संमतीशिवाय होईनासे झाले. अनेकांची आयुष्ये त्यात होरपळली, आणि पुढे तिच्या प्रमुख नेत्यांपैकी काहींनी जाहीर माफी मागितली. कोणाशी लग्न करू, असे विचारल्यावर मार्गदर्शकाने शास्त्रातली तत्त्वे दाखवावीत, प्रश्न विचारावेत, निर्णय त्या माणसाचा राहू द्यावा. पैशांची देवघेव करू नये.

गुप्ततेबाबतही आधीच स्पष्ट असावे. ऐकलेले बाहेर जाणार नाही, ‘प्रार्थनेची विनंती’ म्हणूनही नाही. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर गप्प राहता येणार नाही आणि कायद्याने ठरवलेल्या यंत्रणेला कळवावे लागेल, हे पहिल्याच दिवशी सांगावे. अल्पवयीन मुलांना एकटे, बंद दाराआड भेटू नये. पालकांना भेटीची वेळ आणि जागा माहीत असावी. मंडळीचे नाव खराब होईल म्हणून अशा गोष्टी झाकणे हे त्या मुलाविरुद्ध आणि देवाविरुद्ध पाप आहे.

नाते तुटते तेव्हा : काही जोड्या जमत नाहीत, काही माणसे मध्येच निघून जातात. योहान मार्क हा सहकारी सुवार्तेच्या फेरीत पंफुल्या प्रांतातून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांना सोडून यरुशलेमेला परतला. पुढच्या फेरीत त्याला न्यावे की नाही यावरून त्या दोघांत इतकी तीव्र तेढ पडली की ते वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये 15:37-39). पौलाने सीलाला निवडले. ज्या शौलाला (हे पौलाचेच दुसरे नाव) यरुशलेमेत कोणी जवळ करत नव्हते, त्याला हाताशी धरून प्रेषितांपुढे उभे करणारा बर्णबाच होता. आता त्याच बर्णबाने मार्काला बरोबर घेतले आणि तो तारवात बसून कुप्राला (सायप्रस बेटाला) गेला. त्या प्रवासात काय बोलणे झाले, किती वर्षे लागली, याबद्दल ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणारा लूक एक अक्षरही लिहीत नाही. पुष्कळ काळानंतर तुरुंगातून, मृत्यू समोर दिसत असताना, पौल तीमथ्याला लिहितो : मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (2 तीमथ्य 4:11).