अर्ध्यावर थांबलेला बावटा

आमच्या खानापूर तालुक्याला समुद्र नाही, पण नौदलात उमेदीची वर्षे घालवून परतलेली माणसे आहेत. त्यांपैकी जहाजावर सिग्नलचे काम केलेल्या एका काकांनी एकदा अंगणातल्या खांबाला दोरी लावून तिच्यावर उपरणे बांधले आणि ते निम्म्यापर्यंतच चढवले. "तुझा बावटा दिसला, पण अर्थ अजून लागला नाही," ते म्हणाले. मग त्यांनी उपरणे पार टोकाला नेले. "आता कळलं बघ."

दुरून साधलेल्या संवादात 'दिसले' आणि 'समजले' या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि जहाजांनी एकमेकांना निरोप देण्यासाठी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेने त्यासाठी एक स्वतंत्र उत्तरदर्शक बावटाच ठेवला आहे. तो धरून संचात एकूण ४० बावटे असतात: २६ अक्षरांचे, १० अंकांचे आणि वर चढवलेल्या एखाद्या बावट्याची पुनरावृत्ती सुचवणारे ३. त्या तिघांमुळे एकच अक्षर दोनदा हवे असले तरी दुसरा संच लागत नाही.

यांतील बहुतेक अक्षरे एकेकटी असतानाही पूर्ण वाक्य सांगतात. तांबड्या-पिवळ्या तिरप्या भागांचा 'ओ' म्हणजे 'माणूस पाण्यात पडला आहे'. 'एन'खाली 'सी' म्हणजे 'संकटात आहोत, तातडीने मदत हवी'. १९६५ साली स्वीकारलेली ही संहिता नऊ भाषांत सिद्ध झाली, त्यामुळे जपानी खलाशाने चढवलेला बावटा ग्रीक खलाशाला आपल्या भाषेत वाचता येतो. कन्नड आणि मराठी दोन्ही कानांवर घेत वाढलेल्या आपल्या भागातील वाचकाला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

रंग मात्र पाचच आहेत: तांबडा, निळा, पिवळा, काळा व पांढरा. अंतर वाढले की रंगछटा आधी फिकट होते, पण उजेड-अंधाराचा फरक टिकून राहतो. म्हणूनच पिवळ्याशेजारी काळा किंवा निळा, पांढऱ्याशेजारी तांबडा अशा जोड्या दिसतात. निरोगी डोळ्याला साधारण एका कोनीय मिनिटाएवढा (अंशाच्या साठाव्या भागाएवढा) तपशील वेगळा ओळखता येतो, म्हणजे दोन किलोमीटरवर सुमारे ६० सेंटिमीटर. दोन मीटर उंचीच्या बावट्यावरील तीन आडवे पट्टे तेवढ्या अंतरावरून जेमतेम वाचता येतील. सातपट दुर्बिणीने हे अंतर हिशेबापुरते १४ किलोमीटरवर जाते, पण धुरकट हवा आणि वाऱ्यावर फडफडणारे कापड त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतात.

रेडिओ असताना हा खटाटोप कशासाठी? रेडिओलहरी चहूकडे पसरतात आणि शत्रूला त्यांच्यावरून जहाजाची दिशा शोधता येते. प्रकाशाने निरोप देणाऱ्या संकेतदीपाचा अरुंद झोत मात्र ज्या जहाजावर रोखला असेल, मुख्यतः त्यालाच दिसतो. मोर्स, म्हणजे ठिपके आणि रेघांची संकेतलिपी, पाठवताना दिवा चालू-बंद करण्याऐवजी बहुधा त्याच्यासमोरची झडप उघडली-मिटली जाते, कारण तापलेली तार विझायला वेळ घेते आणि ठिपके एकमेकांत मिसळतात. काकांनी हे टॉर्चसमोर पंजा धरून दाखवले होते. इथेही बावट्याचाच नियम आहे: प्रत्येक शब्द मिळाला की समोरचे जहाज एक लांब चमक देते, आणि ती आली नाही तर पाठवणारा तोच शब्द पुन्हा पाठवतो.