शेल्बी ड्रॉप

फोर्ड मस्टँगच्या पहिल्या पिढीतील गाड्यांच्या, मुख्यतः १९६५ ते १९७० च्या मॉडेलांच्या, पुढच्या सस्पेन्शनमध्ये केला जाणारा एक बदल. वरच्या कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याचे) आतले टोक शॉक टॉवरला (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर बसतात त्या इंजिनाशेजारच्या पत्र्याच्या खांबाला) ज्या दोन बोल्टांनी बसवलेले असते, त्यांची जागा सुमारे १ इंच खाली आणि १/८ इंच मागे नेतात. मूळ आखणी फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांची, म्हणून याला ‘आर्निंग ड्रॉप’ असेही म्हणतात.

एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आलेली मस्टँग स्वस्त कौटुंबिक ‘फाल्कन’च्या सांगाड्यावर बेतलेली होती. पुढे वरच्या आर्मवर उभी कॉइल स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल आणि पाटे. सरळ रस्त्यावर हे चालून जाई. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलली, की बाहेरच्या पुढच्या चाकाचा माथाही तिच्याबरोबर बाहेर झुके, टायर नुसत्या कडेवर घासे आणि स्टिअरिंग कितीही वळवले तरी नाक सरळच जाऊ पाही. आतले टोक खाली घेतले की आर्म बाहेरच्या बाजूला चढता होतो. मग चाक वर उचलले जाताना बॉल जॉइंट (आर्मच्या बाहेरच्या टोकाचा, चाकाकडचा गोल सांधा) कमानीत आत ओढला जातो, त्यासोबत चाकाचा माथाही आत येतो आणि टायरची अधिक रुंदी रस्त्याला टेकलेली राहते. पुढचा रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, वर सरकल्याने कलणेही कमी होते. गाडीचे नाक अर्धा-पाऊण इंच खाली बसते. पुष्कळांना आवडतो तो हाच दिसणारा भाग, पण खरा लाभ भूमितीचा आहे.

माजी शर्यतचालक आणि गाड्या घडवणारे कॅरोल शेल्बी यांच्या कंपनीने १९६५ च्या ‘जीटी३५०’मध्ये हा बदल केला. फोर्डच्या सॅन होजे कारखान्यातून आलेल्या पांढऱ्या फास्टबॅक (मागे उतरत्या छपराच्या) गाड्यांना खाली घेतलेल्या आर्मबरोबर कोनी शॉक ॲब्सॉर्बर, कलणे रोखणारा जाड अँटी-रोल बार, मागच्या ॲक्सलला पीळ न पडू देणारे ट्रॅक्शन बार आणि शॉक टॉवर एकमेकांना जखडणारे दांडे दिले जात. त्या वर्षी फेब्रुवारीत टेक्सासमधल्या ग्रीन व्हॅली ट्रॅकवर शर्यतचालक केन माइल्स यांनी या गाडीची पहिलीच शर्यत जिंकली. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीच्या गाड्यांनंतर मात्र खर्च वाचवण्यासाठी आर्म खाली घेणे बंद झाले.

काम करताना आधी कॉइल स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून बाहेर काढावी लागते. ही पायरी हलक्यात घेऊ नये. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जबर इजा होते. आर्म उतरवल्यावर मूळ भोकांवर धातूचा साचा बोल्टने आवळतात आणि त्यातून आधी बारीक, मग पूर्ण मापाचे भोक पाडतात. दोन्ही बाजू मिळून फक्त चार भोके. जुनी भोके तशीच ठेवली तरी चालतात, त्यामुळे गाडी केव्हाही मूळ रूपात नेता येते. टॉवर गंजलेला किंवा चिरलेला असेल तर आधी तो दुरुस्त करणे भाग आहे. १ इंचापेक्षा जास्त खाली गेल्यास वरचा बॉल जॉइंट टोकाला अडण्याची शक्यता असते. तेव्हा त्याचा कोन बदलणारी पाचर लागते.

हा बदल करण्याआधीच कडक स्प्रिंग घालण्याची घाई बरेच जण करतात. तसे केल्याने कलणे घटते, पण चाकाचा कोन चुकतो तो चुकतोच, वर खड्ड्यात पाठ शेकते. साठ वर्षांचे सांध्यांतले कुजलेले रबरी बुश, ढिले बॉल जॉइंट आणि बसलेले पाटे आधी बदलावेत. टॉवर कापून वेगळे पुढचे सस्पेन्शन बसवणारी किटेही मिळतात. इंजिनाभोवती जागा मोकळी होते, पण मूळ गाडी कायमची जाते.

ड्रॉपनंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, नव्याने करावेच लागते. कारखान्याचे आकडे त्या काळच्या, तिरप्या थरांच्या बायस-प्लाय टायरांसाठी होते. आजच्या रेडियल टायरांवर रस्त्यासाठी साधारण उणे अर्धा ते १ अंश कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकण्याचा कोन) आणि अधिक २ ते ३ अंश कॅस्टर (स्टिअरिंगचा अक्ष मागे झुकण्याचा कोन) ठेवतात. १९६५-६६ च्या गाड्यांत ही जुळणी आर्म आणि टॉवर यांच्यामध्ये शिम (पातळ पट्ट्या) घालून होते, तर १९६७ पासून कॅम्बरसाठी खालच्या आर्मला विकेंद्री (फिरवला की आर्म सरकवणारा) बोल्ट आहे.