रुग्णापाशीच होणारी निदानचाचणी (मुंबई)

रक्त, लघवी किंवा थुंकीचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत न पाठवता, रुग्ण समोर बसलेला असतानाच केली जाणारी तपासणी. 'पॉइंट ऑफ केअर टेस्टिंग' हे तिचे तांत्रिक नाव; दवाखान्यात मात्र 'रॅपिड', 'किट' किंवा 'कार्ड टेस्ट' असेच म्हणतात. घरोघरी पोचलेला ग्लुकोमीटर, गर्भचाचणीची पट्टी आणि हिवतापाचे कार्ड ही तिची रोजची रूपे.

दुर्गम भागात अशा उपकरणांची गरज अंतरामुळे पडते. मुंबईत लॅब बहुधा हाकेच्या अंतरावर असते. अडते ते दुसऱ्या खेपेपाशी. 'रिपोर्ट उद्या मिळेल' म्हटले की रोजंदारीवरच्या माणसाचा आणखी एक खाडा होतो, आणि काही जण रिपोर्ट न्यायला फिरकतच नाहीत. म्हणून या शहरापुरते बोलायचे तर चाचणीच्या किमतीत बुडालेली मजुरीही धरली पाहिजे. पट्टी थोडी महाग असली, पण औषधाची चिठ्ठी त्याच बैठकीत मिळाली, तर ती रुग्णाला स्वस्तच पडते.

पावसाळ्यात सर्वाधिक कामाला येते ते हिवतापाचे कार्ड. बोटाला टोचून आलेला रक्ताचा थेंब एका खिडकीत टाकतात आणि दुसरीत बफरचे, म्हणजे रक्त पुढे वाहून नेणाऱ्या द्रावणाचे थेंब सोडतात. हा द्रव नायट्रोसेल्युलोज या कागदासारख्या पदार्थाच्या पट्टीवरून आपोआप पुढे सरकतो. वाटेत त्याला सोन्याचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) जोडलेली प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू भेटतात. रक्तात परजीवीचे प्रथिन असेल तर हे कण चाचणीरेषेवर अडकतात. इतके बारीक सोने पिवळे न दिसता लालसर दिसते, म्हणून रेषा तांबडी उमटते. कार्ड नीट चालले हे दाखवणारी नियंत्रणरेषा उमटलीच नाही तर कार्ड बाद. हिवतापाच्या फाल्सिपॅरम प्रकारासाठी एचआरपी-२ आणि व्हायवॅक्स प्रकारासाठी पीएलडीएच ही परजीवीची प्रथिने शोधतात. यातली एक मेख अशी, की एचआरपी-२ उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहू शकते. त्यामुळे रुग्ण बरा झाला का, हे या कार्डावरून ठरवता येत नाही. त्यासाठी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावी लागते. कार्डाच्या पाकिटातली सिलिका जेलची पुडीही शोभेची नाही. पाकीट आधीच फोडून ठेवले तर जुलैतली दमट हवा पट्टीची वाट लावते.

अशी उपकरणे घडवणाऱ्या संशोधकाला अभियांत्रिकीइतकीच वॉर्डातली ये-जा करावी लागते. पवईच्या आयआयटीत २०१४ साली सुरू झालेले 'बेटिक' हे केंद्र डॉक्टर आणि अभियंते यांना एकत्र आणून वैद्यकीय उपकरणे विकसित करते. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेने हिमोफिलिया ए आणि फॉन विलेब्रांड या रक्तस्रावाच्या आजारांसाठी झटपट चाचणी विकसित केली आहे.

मुंबई परिसरातील 'बायोसेन्स' या कंपनीचे उदाहरण जास्त बोलके आहे. लघवीच्या पट्टीवरचे रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचणारे तिचे 'यूचेक' अ‍ॅप २०१३ साली जगभर गाजले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला पत्र पाठवले. मुद्दा साधा होता: पट्ट्यांना मिळालेली मंजुरी डोळ्यांनी रंग पाहण्यापुरती होती, तो रंग फोन वाचू लागला की पट्टी आणि फोन मिळून एक नवे चाचणीयंत्र ठरते, आणि त्याला वेगळी मंजुरी हवी. आक्षेप रास्तच होता. भारतात असे नियमन वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ यांखाली होते. धोक्यानुसार अ ते ड असे चार वर्ग असून एचआयव्हीच्या चाचण्या सर्वांत कडक वर्गात येतात.

स्वस्त आणि झटपट असणे म्हणजे उपयोगी असणे नव्हे, हे क्षयरोगाने दाखवून दिले. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षय सांगणाऱ्या चाचण्या खासगी बाजारात सर्रास चालत. त्यांचे निष्कर्ष बेभरवशाचे असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांच्याविरुद्ध शिफारस केली आणि भारताने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. त्यांच्या जागी भर आला तो थुंकीतल्या जंतूचे जनुक शोधणाऱ्या यंत्रांवर. 'सीबीनॅट' आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे 'ट्रूनॅट' ही यंत्रे काही तासांतच क्षय आहे का आणि रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध लागू पडेल का, हे सांगतात. संवर्धनाच्या, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या अहवालाला आठवडे लागतात. औषधरोधी क्षयाने ग्रासलेल्या मुंबईत या फरकाला फार मोल आहे, कारण तेवढ्या आठवड्यांत चुकीची औषधे चालू राहतात आणि घरातल्यांना लागण होत राहते.

लॅबचा अहवाल आपोआप रजिस्टरमध्ये चढतो. गल्लीतल्या दवाखान्यात उमटलेली रेषा मात्र कचऱ्याच्या डब्यात जाऊ शकते. क्षयाचा प्रत्येक रुग्ण कळवणे खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. हिवतापाचेही तसेच: रुग्णाचा पत्ता महापालिकेला कळला तरच कीटकनाशक विभागाची माणसे त्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्या तपासायला येतात.