लहान आतड्यातील जिवाणूंची वाढ : निदानाची आणि उपचारांची पार्श्वभूमी

लहान आतड्यात जिवाणूंची प्रमाणाबाहेर वाढ होणे, म्हणजेच डॉक्टरांच्या बोलण्यातले ‘सिबो’, हे निदान आता पोटफुगी, गुबारा आणि वारंवार होणारे जुलाब यांच्या संदर्भात सर्रास ऐकू येते. हा आजार मात्र नवा नाही, आणि वैद्यकाच्या नजरेस तो प्रथम पडला तो पोटफुगीमुळे नव्हे, तर रक्तक्षयामुळे. १८९० साली लंडनचे विल्यम हेल व्हाइट आणि त्याच दशकात कोपनहेगनचे क्नुड फाबर यांनी तीव्र रक्तक्षयाचे असे रुग्ण नोंदवले, ज्यांचे आतडे एखाद्या ठिकाणी आवळून अरुंद झालेले होते. अरुंद आतड्याचा रक्ताशी संबंध काय, याचे उत्तर त्या काळी कोणाकडेच नव्हते. आवळलेल्या भागाच्या वर अन्नरस तुंबतो आणि तुंबलेल्या जागी काहीतरी विषारी तयार होत असावे, इतकाच तर्क करता येत होता.

पोटाच्या शस्त्रक्रिया रुळल्या तसे असे रुग्ण वाढले. व्हिएन्नाचे थिओडोर बिलरोथ यांनी १८८५मध्ये जठराचा खालचा भाग काढून उरलेले जठर थेट लहान आतड्याला जोडण्याची पद्धत वापरली. तिच्यात आतड्याचा सुरुवातीचा भाग एका टोकाला बंद राहतो. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्यात उतरतो, पण अन्नाचा मार्ग त्याला टाळून जातो. अशा वेटोळ्यात रस साचून राहिला, की जिवाणूंना आयते घर मिळते. ‘ब्लाइंड लूप सिंड्रोम’ हे नाव या बंद वेटोळ्यांवरूनच आले.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डमध्ये लेस्ली विट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके वाटतात. मोठ्या उंदरांच्या आतड्यात शस्त्रक्रियेने आंधळे वेटोळे तयार करताना ते दोन प्रकारे जोडता येते : आतड्याच्या लाटा त्यात माल ढकलत राहतील असे, किंवा त्यातला माल बाहेर ढकलतील असे. आपोआप भरत राहणाऱ्या वेटोळ्यांच्या उंदरांना रक्तक्षय झाला; आपोआप रिकामे होणाऱ्या वेटोळ्यांच्या उंदरांना झाला नाही. आतडे तेच, टाके तेच, बदलली ती फक्त प्रवाहाची दिशा.

१९४८मध्ये रक्त तयार व्हायला लागणारे जीवनसत्त्व बी-१२ शुद्ध स्वरूपात हाती आले आणि कोडे उलगडू लागले. १९५३पासून शिलिंग यांच्या चाचणीने त्याचे शोषण मोजता येऊ लागले. किरणोत्सारी कोबाल्ट असलेले बी-१२ रुग्णाला तोंडाने द्यायचे आणि पुढच्या २४ तासांच्या लघवीत त्यातले किती उतरते ते मोजायचे, अशी ती रीत होती. साधा पर्निशस रक्तक्षय, म्हणजे बी-१२ शोषायला लागणारे जठरातील प्रथिन (इंट्रिन्सिक फॅक्टर) कमी पडल्याने होणारा रक्तक्षय असेल, तर सोबत ते प्रथिन दिल्यावर शोषण सुधारते. ब्लाइंड लूपच्या रुग्णांमध्ये मात्र ते देऊनही आकडा हलत नसे. टेट्रासायक्लिनसारखे प्रतिजैविक काही दिवस दिले, की तोच आकडा वर येई. माणसाच्या वाट्याचे बी-१२ जिवाणू खाऊन टाकतात, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. हेच जिवाणू फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व मात्र तयार करतात, त्यामुळे या आजारात बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर, असा विचित्र रिपोर्ट आजही दिसतो. शिवाय ते पित्तक्षारांचे विघटन करतात, मग स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि शौचाला तेलकट, चिकट होते.

ज्यांच्या आतड्यावर शस्त्रक्रिया झालेली नाही, त्यांच्यात ही वाढ का व्हावी, याचे उत्तर आतड्याच्या हालचालीत सापडले. जोसेफ शुर्झेव्स्की यांनी १९६९मध्ये उपाशी कुत्र्यांच्या आतड्यात ठरावीक अंतराने वरून खाली सरकणारी विद्युत लाट नोंदवली. माणसातही पोट रिकामे असताना साधारण दर दीड ते दोन तासांनी अशी लाट निघते आणि उरलेसुरले अन्न, जिवाणू असा सगळा केरकचरा मोठ्या आतड्याकडे लोटून नेते. बेल्जियममधील व्हानट्रापेन आणि सहकाऱ्यांनी १९७७मध्ये दाखवले, की ही लाट ज्यांच्यात नाहीशी किंवा अगदी विस्कळीत झाली होती, त्यांच्या लहान आतड्यात जिवाणू माजले होते. दीर्घकाळचा मधुमेह, स्क्लेरोडर्मा (त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा आजार) यांसारख्या आजारांचा सिबोशी असलेला संबंध त्यामुळे समजू लागला.

भारतातील काम या टप्प्यावर महत्त्वाचे ठरते. ट्रॉपिकल स्प्रू या शोषणदोषाच्या आजारावर कोलकात्यात शेरवूड गोरबाक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात (१९७०) रुग्णांच्या लहान आतड्यात मोठ्या आतड्यातले जिवाणू वस्तीला आलेले आढळले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांना मात्र दक्षिण भारतातील निरोगी माणसांच्याही लहान आतड्यात बऱ्यापैकी जिवाणू दिसले. एका मिलिलिटर रसात एक लाखाहून अधिक जिवाणू म्हणजे आजार, ही जुनी मर्यादा मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरून आलेली होती. पुढे ती एक हजारापर्यंत खाली आणली गेली. अशा वेळी वेल्लोरची नोंद आपल्याकडच्या डॉक्टरांनी विसरता कामा नये, असे मला वाटते.

जिवाणू मोजण्यासाठी नळी गिळवून, क्ष-किरणांखाली तिचे टोक पाहून रस ओढून घेणे त्रासाचे होते. म्हणून श्वासाची चाचणी पुढे आली. मायकेल लेव्हिट यांनी १९६९मध्ये दाखवून दिले होते, की श्वासात सापडणारा हायड्रोजन आतड्यातील जिवाणूंचा असतो. माणसाच्या पेशी तो बनवत नाहीत. १९७६मध्ये ग्लुकोज पाजून हा हायड्रोजन मोजण्याची पद्धत मांडली गेली. रुग्ण आदल्या रात्री साधा भात खाऊन उपाशीपोटी येतो, ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पितो आणि दर १५-२० मिनिटांनी पिशवीत फुंकतो. ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन दशलक्ष भागांमागे २० किंवा त्याहून अधिक भागांनी वाढला, तर चाचणी सकारात्मक धरली जाते.

लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनायमधील मार्क पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये आयबीएसच्या (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा दीर्घकाळचा विकार) अनेक रुग्णांमध्ये सिबो असल्याचे मांडले, आणि दुर्मीळ समजला जाणारा आजार एकदम घरोघरचा झाला. त्यांची श्वासाची चाचणी ग्लुकोजऐवजी लॅक्ट्युलोज या कृत्रिम साखरेवर आधारलेली होती आणि वादाचे मूळ तिथेच होते. लॅक्ट्युलोज लहान आतड्यात शोषले जात नाही. ते मोठ्या आतड्यात पोहोचले, की तिथले जिवाणूही हायड्रोजन सोडतात. कॅनडातील संशोधकांनी २०११मध्ये लॅक्ट्युलोजसोबत किरणोत्सारी खूण पाजून पाहिले, तेव्हा पुष्कळ रुग्णांमध्ये श्वासातला आकडा चढला तोवर ती खूण मोठ्या आतड्यात पोहोचलेली होती. म्हणजे अशा वेळी ‘सिबो’ म्हणून नोंदली जात होती ती केवळ आतड्याची जलद गती. तुंबण्याचा आजार आणि घाईने पुढे सरकणारे आतडे यांना एकच नाव मिळाले, ही या निदानातील सर्वांत गंभीर चूक आहे.

उपचारांतही हाच पेच आहे. रिफॅक्सिमिन हे आतड्यातून जवळजवळ न शोषले जाणारे प्रतिजैविक. त्याच्या ५५० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीनदा, १४ दिवस देऊन केलेल्या दोन चाचण्या २०११मध्ये प्रसिद्ध झाल्या. बद्धकोष्ठता नसलेल्या आयबीएसच्या १,२६० रुग्णांपैकी औषध घेणाऱ्यांत ४०.७ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांतही ३१.७ टक्क्यांना पडला. फायदा खरा होता, पण मोजका. रोममधील २००८च्या एका अभ्यासात रिफॅक्सिमिनने बऱ्या झालेल्या सिबोच्या ८० रुग्णांपैकी सुमारे ४४ टक्क्यांची चाचणी नऊ महिन्यांत पुन्हा सकारात्मक आली. वय जास्त असलेले आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे यांच्यात हे अधिक घडले. हे औषध क्षयरोगावर दिल्या जाणाऱ्या रिफॅम्पिसिनच्याच कुळातले आहे. ज्या देशात आतडे आवळण्याचे एक नेहमीचे कारण आतड्याचा क्षयरोग आहे, तिथे मूळ कारण न शोधता त्याचे कोर्सवर कोर्स देणे मला धोक्याचे वाटते.

१९९१चा एक छोटासा अभ्यास या संदर्भात मुद्दाम आठवावा असा आहे. स्क्लेरोडर्मामुळे आतडे मंदावलेल्या पाच रुग्णांना अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी तीन आठवडे रात्री झोपताना ऑक्ट्रिओटाइडचे लहान डोस दिले. हे औषध प्रतिजैविक नव्हे. त्याने आतड्यातली बंद पडलेली लाट पुन्हा उमटू लागली. त्यानंतर त्यांच्या श्वासातला हायड्रोजन उतरला, आणि मळमळ, पोटफुगी, पोटदुखीही कमी झाली.